नाकापुढे थांबलेला ठोसा

एप्रिलमधल्या अकोल्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बसस्थानकावरून मी माझ्या कराटेच्या सरांच्या घराकडे पायी निघाले होते, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, खांद्याला पर्स. गल्लीच्या वळणावर समोरून एक माणूस आला. तिशीचा असेल, पायात चप्पल, गालात तंबाखूचा खर्रा. अगदी जवळ आल्यावर त्यानं पर्सचा पट्टा धरला आणि ओढला.

मी घाबरले नाही. खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला जवळजवळ आनंद झाला. कराटे शिकायला लागले तेव्हा मी शाळेत होते, आता केसांना मेंदी लावावी लागते, आणि मधली सगळी वर्षं मी याच माणसासाठी तर घाम गाळत होते. ये बाबा, म्हटलं, आलास एकदाचा! डावा पाय पुढे गेला, कंबर फिरली, उजवा ठोसा थेट नाकाच्या रोखानं सुटला. आणि नाकापुढे बोटभर अंतरावर थांबला.

मी थांबवला नव्हता. तो आपला आपणच थांबला. त्याच्या नाकावरचा घाम मला दिसला, खर्र्याचा वास आला. आता मार बसणार म्हणून त्यानं डोळे गच्च मिटले होते. बसला नाही, तसा एक डोळा उघडला. तोवर माझी मूठ शिस्तीत कंबरेशी परत आली होती आणि मी ताठ उभी राहून वाट पाहत होते. कशाची? पंचाची! भर रस्त्यात, उन्हात, एका चोरासमोर उभी राहून मी पंचानं माझ्या बाजूला हात करण्याची वाट पाहत होते.

त्यानं माझ्या खांद्यावरून पर्स काढून घेतली. ओढलीसुद्धा नाही, काढून घेतली. आणि तो चालत गेला. मेला पळालाही नाही.

ज्यांनी कराटे केलेलं नाही त्यांना हा प्रकार येडेपणाचा वाटेल, म्हणून थोडं सांगते. कराटेत दोन गोष्टी असतात. एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमानं, एकट्यानं, समोर कोणीही नसताना करायच्या. दुसरी कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत. आमच्या स्पर्धांमध्ये लढतीचा नियम असा की ठोसा पूर्ण वेगानं सोडायचा, पण समोरच्याच्या कातडीला लागायच्या आत थांबवायचा, लगेच कंबरेशी आणायचा आणि पंचाचा निकाल ऐकायचा. जोरात लागला तर तुम्ही बाद. मी या थांबवण्यात पटाईत होते. माझी मूठ समोरच्या मुलीच्या पापणीचा केस हलवून परत येते, असं लोक म्हणायचे आणि मी ते कौतुक पदकांसारखं मिरवायचे.

काताला मात्र मी कायम नावं ठेवली. हवेशी भांडण म्हणायचे. अमरावतीत बुद्धविहारामागच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मुलींचा वर्ग घेते. तिथल्या आयाही मला हेच सांगत, 'मॅडम, ते नाचासारखं नका शिकवू, कामाचं शिकवा.' मला ते पटतच होतं. काता पट्ट्याच्या परीक्षेपुरता ठेवला होता, आणि त्या रविवारी तोही बंद करतेय हे सरांना सांगायला मी अकोल्याला आले होते. सरांनी मला मूठ वळायला शिकवली. त्यांच्या मते कराटे म्हणजे काता, बाकी सगळी धावपळ. आता सत्तरीच्या पुढे गेलेत, पण अजून रोज पहाटे अंगणात काता करतात आणि शेजारचे लोक कुंपणावरून बघतात.

मी त्यांच्या दारात रिकाम्या खांद्यानं गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आधी मला खाली बसवलं, पाणी दिलं. मग मी सांगितलं. सर मन लावून ऐकत होते.

"ठोसा कुठी होता?" त्यांनी विचारलं.

"नाकासमोर. बोटभर."

"पाय?"

"बरोबर होते."

"परत घेतला?"

"घेतला."

"मंग पुरा पॉइंट हाये ना व!"

हे त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला.

"तिची पर्स गेली अन् तुमी पॉइंट देऊन राह्यले!" काकू कडाडल्या. "डोकं जाग्यावर हाये का दोघायचं?"

पोलिसांत तक्रार झाली, बँकेचं कार्ड बंद झालं, मी संध्याकाळच्या गाडीनं घरी आले. पर्सचं दुःख मला नव्हतंच. मला भीती वाटत होती ती भलत्याच गोष्टीची, आणि ती खरी ठरू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी वर्गावर लवकर जाऊन बसले.

माझ्या वर्गात नांदगाव खंडेश्वरची एक मुलगी आहे. इथे खोली करून राहते, अभ्यासिकेतून अंधार पडल्यावर एकटी परत जाते. पहिल्या दिवशी तिच्या आईनं माझा हात धरून सांगितलं होतं, "मॅडम, हिले बाकी काही नोका शिकवू. कोनी धरलं त सुटून घरी आली पायजे, बस." मी शब्द दिला होता. वर्गातली सगळ्यात तयार मुलगी तीच. तिला समोर घेतलं.

"मले मार," मी म्हटलं. "पोटात. खराखुरा मार."

तिनं मारला. वेग असा की हवेचा आवाज आला. माझ्या सदऱ्याला मूठ जेमतेम टेकली आणि कंबरेशी परत गेली.

"अगं, मार म्हटलं ना!"

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं माझ्याकडे मोठ्या अभिमानानं पाहिलं आणि विचारलं, "बराबर थांबला ना, मॅडम?"

मी एकेकीला पुढे बोलावलं. एकीचाही ठोसा लागला नाही. सगळ्यांचे सुंदर थांबले. माझंच शिकवणं ते, कुठे कमी नव्हतं. मी त्यांच्या आयांकडून विश्वास घेतला होता आणि बदल्यात पोरींच्या हाताला लगाम घालून दिला होता. आणि हे सगळं कामाचं शिकवते म्हणून! मला इतका संताप आला की वर्ग तिथेच सोडला. पोरींना वाटलं, मॅडमची तब्येत बरी नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. या वेळी बसस्थानकापासून रिक्षा केली.

"सर, वर्ग बंद करून राह्यली," मी सांगितलं.

"काहून?"

"ज्या हातानं मले वाचवलं नाही, तो हात कोनाच्या पोरीले कसा देऊ?"

सरांनी चष्मा काढून काकूंच्या हातात दिला, बनियन-पायजम्यावर अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मार मले."

मी मारला. थांबला. पुन्हा मारला. थांबला. ते ओरडायला लागले, "मार ना व! जीव नाई का हातात?" मी दात-ओठ खाऊन मारत होते आणि मूठ दरवेळी त्यांच्या बनियनशी जाऊन शहाण्यासारखी परत येत होती. शेवटी मला रडू फुटलं. रागाचं रडू. स्वतःचा हात आपलं ऐकत नाही हे किती भयंकर असतं ते मला त्या दिवशी कळलं.

सर थोडं पाणी प्यायले. मग म्हणाले, "काता कर. पयला."

पहिला काता म्हणजे बारक्या पोरांना शिकवतात तो. माझं डोकंच फिरलं. "सर, घर जळून राह्यलं अन् तुमी रांगोळी काढाले सांगता?"

"काढ."

त्यांच्यापुढे माझं कधीच चाललं नाही. केला. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा केला. वळायचं, अडवायचं, पाऊल टाकून ठोसा, पुन्हा वळायचं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं, तापलेल्या फरशीचे चटके पायांना बसत होते. पुन्हा. पुन्हा. आधी मी चिडून करत होते, मग दमून, मग नुसतीच करत होते. घाम डोळ्यांत जात होता. पर्स, चोर, नांदगावची मुलगी, सगळं कुठेतरी मागे पडलं. सर माझ्या बाजूने कुठेतरी येरझाऱ्या घालत होते, एवढंच जाणवत होतं.

एका वळणानंतर मी पाऊल टाकलं, ठोसा सोडला, आणि सर त्याच्या वाटेत आले.

मला ते दिसले. डोळ्यांना दिसले, हाताला कोणी सांगितलं नाही. कातात समोर कधी कोणी नसतंच, त्यामुळे त्या हाताला थांबायचं ठाऊक नव्हतं. तो होता तेवढा गेला. इतक्या वर्षांत माझ्या मुठीला पहिल्यांदा माणूस लागला. वरून मऊ, आणि लगेच खाली टणक. मग ते टणकही थोडं आत गेलं, आणि तो आवाज मला मुठीतून ऐकू आला.

सर फरशीवर बसले. पडले नाहीत, हळूच बसले, बरगडीला हात धरून, तोंड उघडं. श्वास मिळत नव्हता. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अवं माय! काय केलं हे!" त्या माझ्यावर ओरडत होत्या आणि मी तिथेच पाऊल टाकलेल्या अवस्थेत उभी होते, हात अजून पुढेच. हात चालला की बरं वाटेल असं मी समजत होते. कसलं बरं! ज्या माणसानं मला मूठ वळायला शिकवली त्याचीच बरगडी मी मोडली होती.

रिक्षात एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काकू, अशा आम्ही त्यांना धरून बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटत. "सर, काहून आले तुमी मधात?" मी रडत विचारलं. "सांगाचं तरी!"

"सांगतलं असतं त थांबला असता," ते तुटक्या श्वासात म्हणाले. दवाखाना जवळ आल्यावर पुन्हा बोलले, "वर्ग चालू ठेव. काता करून घे पोरींकडून. पन समोर एखादी गादी बांध भिंतीले. साऱ्यायले मी नाई पुरत."

डॉक्टर तरुण होता. फोटो काढला, उजेडात धरून पाहिला, बरगडीला चीर होती. तो सरांना म्हणाला, "या वयात जपून राहायचं, काका. कसे काय पडले?"

"पाय घसरला," सर म्हणाले.

काकू इतका वेळ भिंतीशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या पुढे आल्या.

"पडले नाई डॉक्टरसायेब," त्या म्हणाल्या. "हिचा हात येऊन राह्यला होता, अन् हे त्याच्यासमोर जाऊन उभे राह्यले."