अर्ध्या सेकंदाचा माज

वेब असेम्ब्ली हा शब्द तेव्हा मी इतक्या वेळा उच्चारला की घरचे मला टाळू लागले. आता तो ऐकला की माझीच मला किळस येते.

घर नवापूरला, नोकरी सुरतच्या कंपनीची, काम घरी बसून. धडगावला माझ्या ओळखीच्या एक ताई ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतात. फॉर्मला फोटो वीस केबीच्या आत लागतो. ताई तो पेंटमध्ये उघडायच्या, टक्के कमी करून जतन करायच्या, तरी मोठा निघाला की पुन्हा तेच. मला हसू यायचं. म्हटलं, "ताई, मी एक्स्टेन्शन करून देतो. ब्राउझरमध्येच एक बटण येईल. दाबलं की फोटो तिथल्या तिथे लहान, नेट गेलं तरी."

"मन्हा कंप्यूटर जुना शे, भाऊ," त्या म्हणाल्या. या लोकांना नवं काही नकोच असतं, असं मी मनात म्हणालो. जणू मी त्याच जिल्ह्यातल्या नवापूरचा नव्हेच.

महिनाभर खपलो. फोटो लहान करणारा सी भाषेतला तयार कोड वेब असेम्ब्लीत उतरवला, म्हणजे तो ब्राउझरमध्ये सुसाट पळतो. काम सेकंदात व्हायला लागलं. मला ते अर्ध्या सेकंदात हवं होतं, म्हणून फक्त नव्या प्रोसेसरला कळतील अशा सूचना त्यात घातल्या. वाचलेल्या अर्ध्या सेकंदाचं धडगावात कोण काय करणार, हा प्रश्न पडायलाही अक्कल लागते.

घाट चढून गेलो तेव्हा केंद्रात एक मुलगी होती. पाड्यावरून दोन जीपा बदलून आलेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, साइट पाचला बंद होणार, आणि वाजले होते तीन. मी ताईंना खुर्चीवरून उठवलं, एक्स्टेन्शन घातलं, मुलीचा फोटो निवडून बटण दाबलं. लाल ओळ आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. ताईंच्या जुन्या प्रोसेसरला माझ्या सूचना कळतच नव्हत्या. त्या काढून फाइल पुन्हा बनवायला दहा मिनिटं पुरली असती, पण पेनड्राइव्ह बस झाला या तोऱ्यात लॅपटॉप मी घरीच ठेवला होता. तरी सेटिंग चाळत बसलो. मुलगी मागे उभी राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होती. ती घाबरलीय हे मला दिसत होतं, आणि तरी मी खुर्ची सोडली नाही. इतका हलकटपणा मी दुसऱ्या कुणात खपवून घेतला नसता.

साडेचारला ताई म्हणाल्या, "भाऊ, आते सरक."

त्यांनी पेंट उघडलं. तीनदा टक्के कमी केले, तीनदा जतन केलं. अठरा केबी. पाचला दहा मिनिटं असताना पावती निघाली.

मुलीने पावतीची घडी करून पिशवीत ठेवली. मग माझ्याकडे वळून, शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत, धीर देत म्हणाली, "दादा, तुम्ही ताईंकडे शिकायला येता ना? जमेल हळूहळू."

मी हो म्हणालो. ताई हसल्यासुद्धा नाहीत.