साडूंचं नाक आणि जगाचं तेल

ज्या देशात तेलासाठी ऑलिव्हचं एक झाडसुद्धा कुणी लावत नाही, त्या सिंगापुरात बसून अख्ख्या जगाच्या ऑलिव्ह तेलाची अब्रू सांभाळणारा माणूस माझा सख्खा साडू आहे. मूळचा सांगलीचा, वाढला शेंगदाण्याच्या तेलावर. पण जुरोंग ईस्टला एका आयात कंपनीत लागला आणि तिथे कुणाला तरी शोध लागला, की ह्याला नुसत्या वासावरून तेल खवट झालंय की नाही ते कळतं. झालं! तेल चाखणाऱ्या पॅनेलवर साडू, आणि पाठोपाठ ऑलिव्हच्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीवरही साडू. तेव्हापासून आमच्या घरी कुणी सुखाने तळण काढलेलं नाही.

सिंगापुरातच, आमच्याकडे सेम्बावांगला आले, की दारात चपला काढता काढताच विचारायचे, काल पुऱ्या केल्या होत्या वाटतं, त्याच तेलात आज भजी? माझी बायको तोंडावर हसायची आणि आत जाऊन कढई आपटायची. ऑलिव्ह तेल चाखायचं म्हणजे तर सोहळाच. रंग दिसला की माणूस भुलतो, म्हणून निळ्या काचेची वाटी. ती तळहातात धरून ऊब द्यायची, मग दातांतून हवा ओढत असा फुरका मारायचा, की शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघत. जीभ कडू झाली, घशाला ठसका लागला, की तेल उत्तम! आपल्याकडे एवढ्यावर वाण्याशी भांडण झालं असतं. पिझ्झावरचा काळा ऑलिव्ह उचलून, हा झाडावर पिकून काळा झाला की कारखान्यात केला, ह्याची चौकशी चाले. त्यांची लेक वैतागून सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "पपा, जस्ट ईट ला."

समितीच्या बैठका ते घरूनच ऑनलाइन करत, वर टाय आणि खाली बर्म्युडा. 'किंचित कडू' आणि 'हलकंसं कडू' हे एकच की वेगळं, ह्यावर महिनोन्‌महिने खल झाला. तेल पिकवणारे देश म्हणत वेगळं, विकत घेणारे म्हणत एकच. एका देशाचे प्रतिनिधी तर आवाज बंद ठेवूनच तावातावाने बोलत, आणि त्यांचं म्हणणंही इतिवृत्तात नोंदलं जाई. शेवटी उपसमिती नेमली आणि साडू तिचे अध्यक्ष झाले. काय तो अभिमान! आपल्या नाकावाचून जगाचं अडतं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

यंदा मोठ्या तापातून उठून ते मेव्हणीबरोबर आमच्याकडे आले. बायकोने चहाबरोबर शंकरपाळे ठेवले, फडताळात मागे राहिलेल्या दिवाळीच्या डब्यातले. मी एक तोंडात टाकला आणि गुपचूप कागदात काढला. मेव्हणीने नुसता वास घेऊन परत ठेवला. साडूंनी मात्र मूठभर खाल्ले आणि म्हणाले, झकास झालेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं, पण बायको घाबरलीच.

"अहो, खवट आहेत ते," मेव्हणी हळूच म्हणाली.

साडूंनी हातातला शंकरपाळा खाली ठेवला. "तापापासून मला वासच येत नाही गं. परत येईलच असं डॉक्टरही सांगत नाहीत."

"मग त्या बैठका?"

"तिथे कोण वास घेतंय? तिथे नुसतं बोलायचं असतं."

मी हसलो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून शंकरपाळ्यांची बशी आत नेऊन ठेवली.

पॅनेलचं तसं नव्हतं. तिथे समोर खरं तेल यायचं, आणि पुढच्याच आठवड्यात नवा माल उतरणार होता. बाकीच्यांच्या होला हो करून त्यांना सहज निभावता आलं असतं. पण हा पठ्ठ्या सरळ गेला, माझं नाक गेलं म्हणून सांगितलं आणि पॅनेल सोडून आला. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. समितीला हे कळल्यावर तिने हळहळ व्यक्त केली आणि त्यांना मुख्य सल्लागार केलं.

परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मेव्हणी आमटीला फोडणी देत होती आणि साडू तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभे होते.

"आता कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"हिंगाचा. मोहरी जराशी करपली. आता कढीपत्ता, आणि लसूण..."

"सावकाश सांग," ते डोळे मिटून म्हणाले, "मला आठवून बघू दे."