टायर गरम होईपर्यंत

मी भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घाबरलेलीच आहे. पाल मी झाडूने बाहेर घालवते, फ्यूज उडाला तर मी बसवते, आणि पाण्याच्या टाकीवरून भांडण निघालं की इमारतीतले सगळे पुरुष मला पुढे करून मागे उभे राहतात. पण साठी उलटलेल्या नवऱ्याने लाल रंगाची स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नवरा म्हणजे मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, म्हणून मीही. फळा-खडूवाले नव्हेत, गाडी शिकवणारे. शिकाऊ गाडीत उजवीकडे शिकणारा बसतो आणि डावीकडे मास्तर. मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की मास्तर तो ब्रेक दाबतात आणि उजवा हात लांबवून त्याच्या हातातलं स्टिअरिंग धरतात. असंच त्यांचं आयुष्य गेलं. किती डॉक्टर, शिक्षिका, दुकानदार, एक तर चक्क न्यायाधीश, सगळे त्यांच्या हाताखालून गेले आणि गाडीला साधा ओरखडा आला नाही. लोक म्हणायचे, काय कसब आहे. कसलं कसब? माणूस मुळात भित्रा. लांबवर सायकल दिसली तरी यांचा पाय ब्रेकवर. अजूनही रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरतात की बोटं उमटतात.

तर अशा माणसाला ही अवदसा आठवली. गाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची, दातांच्या डॉक्टरची. त्याची कंबर धरली आणि त्याला त्या गाडीत बसता-उठता येईना. येणार कसं? दोनच सीटा, आणि त्याही इतक्या खाली की बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मी विचारलं, "अहो, म्हातारचळ लागलाय का तुम्हाला?" मास्तर टपावरची धूळ पुसत होते. म्हणाले, "अगं, जन्मभर मी गाडी चालवलीच नाही. दुसऱ्यांची थांबवली, एवढंच. आता स्वतः चालवून बघतो." मी चहा टाकायला आत गेले.

गाडीचे जुने टायर पार गुळगुळीत झाले होते, म्हणून पहिलं काम नवे टायर. मलाही सोबत नेलं. दुकान चालवणारी बाई मास्तरांकडेच गाडी शिकलेली. तिने तीन टायर भिंतीला टेकवून उभे केले. एक साधा, कडक रबराचा, वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा त्याहून मऊ, स्पोर्ट्स कारचाच, पण ओल्या रस्त्यावरही भरवशाचा. तिसरा जवळजवळ शर्यतीचा. त्याच्यावर खाचा अगदी थोड्या, आणि रबर इतकं मऊ की नखाची खूण उठली. मी कापडाच्या दुकानात घेते त्याच्या दुप्पट वेळ मास्तरांनी त्या तिघांना चाचपण्यात घालवला. मग विचारलं, "सगळ्यात जास्त पकड कशाची?"

"याची," ती तिसऱ्याला हात लावून म्हणाली. "पण मास्तर, हा गरम झाल्यावर पकडतो. थंड असला की निसटतो. आणि रस्त्यावर पाणी असेल तर बाहेर काढूच नका."

भित्र्या माणसाला पकड हा शब्द ऐकू आला की पुढचं काही ऐकू येत नाही. जास्त पकड म्हणजे जास्त सुरक्षित, हा त्यांचा हिशेब. जास्त कडू औषध जास्त गुणकारी, म्हणणारी माणसं असतात ना, तसलाच. त्यांनी तिसराच घेतला. मीही गप्प बसले, कारण मलाही पकडच हवी होती.

त्या टायरांनी घरात नवं बाळ आल्यासारखी सगळ्यांची झोप उडवली. रबर मऊ, त्यामुळे रस्त्यावरचे खडे उचलायचे आणि पत्र्यावर ताडताड फेकायचे. संध्याकाळी मास्तर जुनी उशी गुडघ्याखाली घेऊन बसायचे आणि बोथट पेचकसाने खाचांतला एकेक खडा काढायचे. हवा रोज सकाळी मोजायची, तीही गाडी हलवायच्या आधी. बाजू इतक्या बुटक्या की खड्डा आला की चाकाचा आवाज माझ्या दाढेत जायचा. आणि झीज? महागाचा खोडरबर नुसता. मी म्हणायची, "माझ्या गुडघ्यांची कधी एवढी चौकशी केली नाहीत." मास्तर हसायचे. असं खुशीत हसताना मी त्यांना फार वर्षांनी बघत होते, हेही खरं.

रोज उजाडताना ते एकटे तळ्याकाठच्या रस्त्याने चक्कर मारून यायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. एखादी रुग्णवाहिका ओरडत गेली की काळजात धस्स व्हायचं. हातातलं भांडं तसंच हातात राहायचं. मग लांबून ती घोगरी गुरगुर ऐकू यायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. रोज तेच.

पुढे थंडी पडली. सकाळी खिडकीच्या काचा धुरकट व्हायला लागल्या, आणि मला टायरवालीचं ते वाक्य आठवायला लागलं. मी म्हटलं, "उन्हं वर आल्यावर जा." तर म्हणे तेव्हा रस्त्यावर गर्दी असते. मी म्हटलं, "मग मी येणार. तुम्हाला काही झालं तर मागे राहून मी काय करू? जे व्हायचं ते दोघांना होऊ दे." डाव्या सीटवरचा आपला मफलर उचलून मास्तरांनी मला जागा करून दिली. तेवढ्यानेच मला वाटलं, बरं झालं, आता माझी नजर आहे.

नजर म्हणजे काय, मी जीव मुठीत धरून बसायची आणि बोलायची. "हळू. समोर माणूस आहे. अहो, वळण." मास्तर टायर गरम होईपर्यंत गाडी खरोखरच हळू चालवायचे. पण दिवसेंदिवस ते अवघडल्यासारखे बसायला लागले. मला वाटलं, थंडी.

त्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. झाडांखालचं जे लांब वळण आहे ना, तिथे ऊन पोचत नाही, रस्ता दंवाने ओला होता. आम्ही फार वेगात नव्हतो, देवाशपथ सांगते. वळण संपत आलं म्हणून मास्तरांनी जरासा वेग दिला आणि गाडीचं मागचं अंग सरकलं. आवाज नाही, काही नाही. साबणावर पाय पडावा तसं. मागची बाजू पुढे यायला निघाली आणि समोर रस्त्याऐवजी तळं आलं.

आणि मी बघितलं. मास्तरांचा उजवा हात स्टिअरिंग सोडून उजवीकडे गेला. झटक्यात, बाहेरच्या बाजूला. तिथे खिडकीची काच होती, तिच्यावर हात दाणकन आपटला आणि बोटं काचेवर काहीतरी शोधायला लागली. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. गाडी एक गिरकी घेऊन गवतात शिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. बाजूला दोन हातांवर पाणी.

इंजिन बंद पडलं होतं. मास्तरांचा हात अजून काचेवर. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, तू चालवतेस."

मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. तळ्याला नव्हे, त्या वाक्याला.

घरी आल्यावर मास्तर बोलेनात. पेचकस नाही, उशी नाही, हवा मोजणं नाही. गाडीवर कापड टाकलं ते टाकलंच. खुर्चीत बसून ते हात उलटेपालटे करून बघायचे. मग एका सकाळी म्हणाले, "विकून टाकतो. दाताच्या डॉक्टरचा भाचा घेतो म्हणतोय." मला हुश्श व्हायला हवं होतं. झालंही, खोटं कशाला बोलू. पण जेवताना त्यांच्याकडे बघवेना. रोज उजाडताना हसणारा माणूस होता तो, आता डाळीतली मोहरी बाजूला काढत बसला होता.

मी म्हटलं, "टायरांचा दोष होता. टायर बदलू. ते मधले घेऊ, ओल्यात चालणारे."

"टायर घसरले हे खरं," मास्तर म्हणाले. "ते आधीही घसरलेत."

"आधी कधी?"

"तू यायच्या आधी. त्याच वळणावर. मी एकटा होतो." ते ताटाकडेच बघत होते. "सावरली मी. हात जिथे हवे तिथेच होते."

म्हणजे मी खिडकीशी भांडं घासत होते तेव्हा हा माणूस तळ्याकाठी घसरत होता आणि घरी येऊन टोस्टला लोणी लावत होता. मला इतका संताप आला की मी पाण्याचा तांब्या आपटला. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? तू आलीच असतीस." मग हळू आवाजात म्हणाले, "बाजूला कुणी बसलं ना, की माझ्या अंगाला वाटतं शिकवणी चालू आहे. गाडी बाजूच्याची आहे. वेळ आली की उजवा हात आपोआप उजवीकडे जातो, शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगकडे. मी ठरवून नाही गं करत."

"मग मला येऊ नको म्हणायचं."

"कसं म्हणणार? तू माझ्यासाठी घाबरतेस."

म्हणजे हा माणूस मला उतर म्हणण्यापेक्षा गाडी विकायला निघाला होता. मी ताटं उचलली, मोरीत ठेवली आणि नळ सोडून उगीच उभी राहिले. रडायला येत होतं आणि त्यांना एक ठेवून द्यावी असंही वाटत होतं. मी राखण करायला म्हणून त्या सीटवर जाऊन बसले आणि तिथे बसूनच त्यांना तळ्यात घालत होते. आणि उतरायचं म्हणजे त्या थंडीत, त्या वळणावर, त्यांना एकट्याने जाऊ द्यायचं. आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच टायरच्या दुकानात गेले. म्हटलं, "पकड कमी असली तरी चालेल, पण थंड असताना आणि ओल्यात सारखी राहणारी हवी." तिने मधले टायर काढले. "हे घसरणारच नाहीत असं मी म्हणणार नाही, काकू," ती म्हणाली. "पण आधी सांगतील. हाताला कळेल." खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. पण मी तेच घरी आणून बसवायला सांगितले.

टायर बसल्यावर मी मास्तरांना म्हटलं, विकायचं नंतर बघू, आधी एक चक्कर. गाडी घेऊन आम्ही तळ्याकाठी गेलो तेव्हा धुकं तसंच होतं. वळणाच्या बरंच अलीकडे मी म्हटलं, "थांबवा." मास्तरांनी गाडी कडेला घेतली. मी दार उघडलं, गुडघे धरून कशीबशी बाहेर आले.

"अगं, थंडी आहे. घरी सोडतो तुला आधी."

"घरी खिडकीशी माझ्याने उभं राहवणार नाही. इथेच थांबते. जा तुम्ही."

त्यांनी आतून दार ओढून घेतलं. मग गेले. मागचे लाल दिवे धुक्यात विरघळले, आवाज झाडांत शिरला, वळणावर थोडा चढला आणि मग बंद झाला. बंद म्हणजे मला ऐकू येईना. तळ्यावर एक पक्षी सारखा पाण्यात बुडी मारत होता. मी जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाक मारली, त्यातल्या काहींशी भांडलेही. चपलेतली बोटं बधिर झाली. पळत जाऊन बघावं असं वाटत होतं, पण पाय उचलेना.

मग आवाज आला. आधी बारीक, मग मोठा, मग धुक्यातून दोन पिवळे दिवे. गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, चेहरा घामाने ओला, आणि एखाद्या पोराचा फुलावा तसा फुललेला. मी दार उघडलं. एक पाय आत टाकला.

मास्तर समोर बघत म्हणाले, "अजून एक मारू?"

माझे दात थंडीने वाजत होते, की भीतीने, कोण जाणे. मी पाय बाहेर काढला, दार लावलं आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.