दुसऱ्या घरचं मशीन

घड्याळ हातात घेतलं की सुमनकाकू आधी विचारायच्या, "ह्यातलं काय बदललेलं चालंल तुमाला?" नवखं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. मग त्या सांगायच्या, "कुणाला काच लाडकी असते, कुणाला काटे. इचारल्याबिगर काढून टाकलं म्हंजे चोरीच की."

वसमतच्या मोंढ्याजवळ, हळदीच्या बाजाराला लागून, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. यजमान हैदराबादला काम शिकून आलेले. त्यांनी काकूंना शिकवलं आणि ते गेल्यावर काकूंनी दुकान चालू ठेवलं. मोंढ्यातली हळद सगळीकडे उडायची. गावातल्या कुठल्याही घड्याळाचं झाकण उघडलं की कडेला पिवळी रेघ निघायची. मऊ ब्रशानं ती झाडत काकू म्हणायच्या, "ह्ये आपल्याच गावचं."

मी जवळच्याच हट्टा गावातल्या शाळेत शिक्षक. माझा थोरला भाऊ श्रीकांत मस्कतला हॉटेलात कामाला होता. बारा वर्षांच्या इमानदारीबद्दल मालकानं त्याला एक भारी स्विस घड्याळ दिलं. पुढच्याच वर्षी तो तिकडे अपघातात गेला. त्याच्या सामानातून ते घड्याळ घरी आलं आणि दादांनी, आमच्या वडिलांनी, काही न बोलता ते मनगटावर बांधलं. मोंढ्यातल्या एका आडतीवर दिवाणजी म्हणून काम करताना, पोती मोजताना, जेवताना, ते हातावरच असायचं.

दोन वर्षांनी ते बंद पडलं. मी पुण्याला सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "आतलं मशीनच बदलून देतो. नवंकोरं मिळेल. जुनं परत मिळत नाही."

मी दादांना फोन लावला. ते म्हणाले, "श्रीकांतच्या हातावर चालत होतं तेच पाहिजे. परत घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काकूंकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. दादा म्हणाले, "काईच बदलायचं न्हाई."

"मग ते चालणार न्हाई, दिवाणजी. एका चाकाचे दात झिजलेत."

दादा म्हणाले, "एक चालंल."

काकूंनी ड्रॉवरमधून एक साधं, जुनं घड्याळ काढून उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. भिंग माझ्या हातात दिलं. वरच्या नक्षीकामाचा फरक सोडला, तर आतली मशीनं जुळ्या भावांसारखी होती. "मशीन बनवणारा कारखाना येगळा असतो, मास्तर. त्यो धा कंपन्यांना इकतो. कंपनी त्याच्यावर आपली कारागिरी करते न् आपलं नाव घालते."

दादांचा चेहरा उतरला. "म्हंजे मालकानं माझ्या लेकाला बनावट दिलं?"

"न्हाई. नाव खरं हाय, काम बी खरं हाय. ही चाकं धरून ठेवणारी पट्टी बघा, कंपनीनं स्वतः बदलून बसवली. चाल बी, म्हंजे टिकटिकीचा वेग, बारीक लावलीय. फसवलं न्हाई कुणी. फकस्त मशीन बाहेरचं हाय, एवढं सांगितलं न्हाई. आन् बाहेरचं हाय म्हणून तर चाक इथं वसमतला सापडून राहिलं."

पण त्या बदललेल्या पट्टीनंच घोळ केला. साध्या घड्याळातल्या चाकाचे दात जुळले, त्याचा आस मात्र केसभर लांब पडला. काकूंनी तो घासून बसवायला घेतला. दादा रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बाकावर बसायचे. श्रीकांतबद्दल घरी आम्ही कुणीच बोलत नव्हतो. काकू मान खाली घालून काम करायच्या आणि सहज विचारायच्या, "खायाला काय आवडायचं त्याला?" दादा सांगत बसायचे. हे मला काकूंकडूनच कळलं, फार नंतर.

नवव्या दिवशी घड्याळ चालू झालं. झिजलेलं चाक काकूंनी कागदाच्या पुडीत बांधून दादांना दिलं. "एक चाक दुसऱ्याचं हाय. बाकी सगळं तुमच्या लेकराचंच."

दादांनी तिथंच डोळे पुसले. त्या रात्री जेवताना ते पहिल्यांदा श्रीकांतचं नाव घेऊन बोलले.

काकूंची नजर पुढे अधू होत गेली. लेकीनं त्यांना पुण्याला नेलं आणि दुकान बंद झालं. मी अधूनमधून फोन करायचो. "बरं हाय सगळं," त्या म्हणायच्या. "पर हितली घड्याळं बॅटरीची. कानाला लावावं असं काई न्हाई."

त्या गेल्या त्याच्या महिनाभर आधी मी असाच फोन केला होता. दादा शेजारी बसले होते. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मनगट उचलून फोनला लावलं. थोड्या वेळानं पलीकडून काकूंचा आवाज आला.

"दिवाणजी, चाल बराबर हाय. हात काढू नका. राहू द्या थोडा येळ."

दादांनी हात तसाच धरून ठेवला.