दादाची राखण

देव आहे का, असं त्या दुपारी मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. आणि असला तर तो आमचा नाही, असंही वर म्हणालो असतो. मी माण तालुक्यातला. शाळा पाचवीतच सुटली, त्यामुळे मोठं काही लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

माझा थोरला भाऊ सोपानदादा एटापल्लीकडच्या जंगलात बांबूतोडीवर मुकादम होता. तिथंच तो तापानं गेला. तार मिळाल्यावर गाड्या बदलत मी पोहोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. कामावरच्या माणसांनी पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या अस्थी आणि दादाची सायकल माझ्या हाती दिली. शेवटी जवळ कोण होतं, असं विचारलं तर कळलं, कुणीच नव्हतं. बाकीचे तोडीवर गेलेले, आणि परत आले तेव्हा दादा खोपीत थंड पडलेला. पाण्याचा घोट द्यायलाही कुणी नव्हतं. माणसांनी भरलेल्या घरात वाढलेला माझा भाऊ एकटा गेला, हे एवढंच माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत राहिलं.

शिवरात्रीला सायकलनं काळेश्वराच्या महादेवाला जायचं, असं तो सगळ्यांना सांगत असे. आमच्या घरचा देव शिंगणापूरचा महादेव. तो इतक्या लांब राहिला म्हणून दादानं हा जवळचा धरला असावा. शिवरात्र तर होऊन गेली होती. तरी मी ठरवलं, त्याला त्याच्याच सायकलवरून न्यायचं आणि सिरोंच्याला, नदीपलीकडच्या काळेश्वरासमोर, संगमात सोडायचं. चार-पाच दिवसांचा रस्ता, आणि माझ्या ओळखीचं त्यावर एक झाडही नाही.

वाटेतला आलापल्लीचा मुक्काम सोडला तो दिवस मी विसरणार नाही. अस्थी आमच्याकडे घरात नेत नाहीत, भुईवर ठेवत नाहीत, म्हणून रात्री त्या झाडाला टांगल्या होत्या. सकाळी काढून कॅरिअरला सुतळीनं बांधल्या. हँडलला बांधायचा धीर झाला नाही, सारखं समोर दिसलं असतं. रस्ता म्हणजे नुसती उखडलेली गिट्टी. सागाची पानं गळून गेलेली, तरी जंगल सरता सरेना. आमच्याकडे माळावर उभं राहिलं की चार गावं दिसतात. इथं वळणापलीकडे काय आहे ते कळत नव्हतं. पाचोळा वाजला की अस्वल आलं असं वाटून मी जीव खाऊन पायडल मारी.

ऊन चढलं. एका कोरड्या नाल्यात सायकल उतरवली, पलीकडे ढकलत चढवली आणि सवयीनं मागं हात नेला. सुतळीचं टोक लोंबत होतं. गाठोडं नव्हतं.

मी तसाच आलेल्या वाटेनं सायकल ढकलत परत निघालो, दोन्ही कडेचा पाचोळा पायानं उधळत. लाकडाचा एक ट्रक आला. हात केला. ड्रायव्हर म्हणाला, "क्या गिरा?" मला अस्थी म्हणवेना. गाठोडं म्हणालो. "अरे, कुत्ता-बित्ता ले गया होगा," म्हणून तो गेला. भर रस्त्यात मी ओरडलो, "महादेवा, मरताना त्याला माणूस दिलं नाहीस, आता हाडंसुद्धा वाऱ्यावर टाकलीस?" मी पुढं चालत होतो ते शोधायला नव्हे. थांबलो असतो तर पुन्हा उठलो नसतो, म्हणून.

आणि एका वळणावर मोहाच्या झाडाखाली दोन माणसं बसलेली दिसली. एक म्हातारी बाई, एक म्हातारा. समोर मोहफुलांच्या टोपल्या. वरच्या फांदीला माझं पांढरं गाठोडं टांगलेलं.

"काऊन रे भाऊ, हे तुहं हाय का?" बाईनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. म्हातारा म्हणाला, "कोन हाय तो?"

"भाऊ. थोरला."

"त्याच्यापेक्षा तूच मेल्यावाणी दिसून राह्यला. बस पहिले. पानी पी."

बाई सांगू लागली. मोह वेचून घरी निघालेली ती दोघं. रस्त्यात फडकं दिसलं, हातात घेताच समजलं. "गावात नेलं असतं तर तू कुठी शोधला असता? अन् इथी सोडून कसं जाचं? मेल्या मानसाले एकटं नाई ठेवत."

"सकाळपासून बोलून राह्यली त्याच्यासंग," म्हातारा म्हणाला. "माह्यासंग कधी एवढी नाई बोलली."

"तुमी आयकता कुठी? त्यानं गुपचूप आयकलं."

मी विचारलं, "काय बोललात, बाई?"

"काय बोलनार? येते तुहा मानूस, घाबरू नोको म्हटलं."

तिथं मात्र माझा बांध फुटला. त्या खोपीत जे शब्द कुणी तरी बोलायला हवे होते, ते या बाईनं माझ्या भावाला सांगितले होते. तिनं मला रडू दिलं. मग गाठोडं उतरवून माझ्या छातीशी धरलं, आणि म्हाताऱ्याच्या पंच्यानं पाठीमागं गाठ मारून लेकराला बांधतात तसं बांधून दिलं. पंचा परत कसा करू म्हटलं, तर दोघं हसली आणि टोपल्या उचलून पाऊलवाटेनं आत गेली. नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

संगमावर पोहोचलो तेव्हा वाटलं होतं, सोडताना हात उघडणार नाही. तो उघडला. दादाला आता माझ्याशिवाय कुणी नाही, असं मी रस्ताभर घट्ट धरून चाललो होतो. त्या मोहाखाली ते सैल झालं होतं.

दादा एकटा गेला, ते काही बदललं नाही. देव त्या दिवशी तिथं आला होता, असं म्हणायची माझी पात्रता नाही. पण महादेवापुढं उभा राहिलो की आता भांडत नाही. जिथं माझा हात पोहोचत नाही, तिथं तुझं कुणी बसलेलं असू दे, एवढं म्हणतो आणि बाकी त्याच्यावर टाकून घरी येतो.