पोचल्याशिवाय झाडायचं नाही

बिदर ते गुलबर्गा विमानानं किती वेळ लागेल, याचा आमच्या अप्पांनी जेवढा विचार केला, त्याच्या निम्मा जरी माझं लग्न जमवताना केला असता तरी वडील म्हणून त्यांना पुरला असता. चिटगुप्प्याची पोर त्यांनी पार आळंदच्या पुढं, मादन हिप्परग्याला दिली. हे मी त्यांना तोंडावर म्हणायची. ते नुसते हसायचे.

माहेरच्या घरावरून बिदरची शिकाऊ विमानं रोज घुमत जायची. पुढं गुलबर्ग्यालाही विमानतळ होणार असं ऐकू आलं आणि अप्पांच्या अंगातच आलं. "बिदरला बस, गुलबर्ग्याला उतर. चहाला उकळी फुटायच्या आत," असं येईल-जाईल त्याला सांगायचे.

माझी आई, अव्वा, आतूनच म्हणायची, "व्हय, आन् विमानापस्तोर जायला दुपार. आपली बसच बरी."

माणूस गावाला निघालं की त्याच्यामागं लगेच घर झाडायचं नाही, हे आमच्याकडं सगळेच पाळतात. पण बाकीच्या बायका गाडी वळणाआड गेली की केरसुणी उचलायच्या. अव्वा मी पोचेपर्यंत थांबायची. हुमनाबाद, गुलबर्गा, आळंद अशा गाड्या बदलत मी सासरी टेकेपर्यंत दिवस कलायचा. तोवर मी निघताना सोललेल्या शेंगांची फोलपटं घरात जिथल्या तिथं पडून असायची. अप्पा कुरकुरायचे, "हिचं विमान सुरू झाल्याबिगर माझं घर काय साफ व्हायचं न्हाई." मला बसमध्ये त्या फोलपटांचीच आठवण यायची आणि रडू फुटायचं. लेकरांची आई झाले तरी फुटायचं.

मग घरोघरी फोन आले. मी म्हणायची, "पोचले." अव्वा म्हणायची, "बरं, आता झाडते," आणि ठेवून द्यायची. तेवढं ऐकल्याशिवाय मला सासरी घास गोड लागायचा नाही.

एका सकाळी अप्पांचा फोन आला. "अव्वा तुझंच नाव घ्यायलीय. नीघ."

पीठ मळलेलं तसंच टाकून निघाले. गुलबर्ग्याच्या स्टँडवर हुमनाबादची गाडी काही लागेना. ज्या विमानाची मी इतकी वर्षं चेष्टा केली, ते मला त्या दिवशी खरोखर पाहिजे होतं. माझ्या सारख्या विचारण्यानं कंट्रोलर वैतागला. "अक्का, बसा की, येतीय." हुमनाबादला उतरून अप्पांना फोन लावला तर उचलला नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. दारात शेजारणी बसल्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत मी उंबरा ओलांडला आणि पाय ओल्या फरशीवर पडला. सगळं घर झाडून धुऊन काढलेलं. मयत उचलल्यावरच आमच्यात असं अवेळी घर धुतात. मी तिथंच भिंतीला धरून खाली बसले.

अप्पा माती देऊन आले ते माझ्याशेजारी येऊन बसले. "लई थांबलो, पोरी. दिवस मावळायच्या आत न्यावं लागतंय."

मी त्यांना एवढंच विचारलं, "अप्पा, ती आत्ताच निघाली. ती पोचायच्या आधीच घर झाडलं कामून?"