मथुराचा बाजारातला आवाज

मढच्या कोळीवाड्यातली मथुरा डी.एड. झाली, तरी पालिकेच्या शाळांत ती अजून बदली शिक्षिकाच होती. चौऱ्याऐंशी साली एकदाची कायम नेमणुकीची संधी आली. निवड समितीसमोर, मरोळच्या शाळेतल्या खऱ्याखुऱ्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. मासळी विकणाऱ्या तिच्या आईने, कमळने, निघताना बजावलं, "तिथं बाजारासारखी वरडू नको गं!"

मथुराने आरशासमोर घोटलेल्या मऊ आवाजात सुरुवात केली, "बालमित्रांनो, आज आपण वजाबाकी..." तेवढ्यात खिडकीपलीकडच्या कारखान्यातलं मशीन पुन्हा धडधडू लागलं. मागची पोरं बाकं बडवायला लागली. मथुराचं डोकं फिरलं आणि तोंडातून थेट आईच बाहेर पडली.

"ए, गप बसा रे सगली! टोपलीत पापलेटं दहा, मांजरानं पळवली दोन, उरली किती?"

"आऽऽठ!" अख्खा वर्ग गरजला.

मथुरा गारठली. वाट लागली! गेली नोकरी!

कोपऱ्यातले समितीचे साहेब चष्मा पुसत नाकातून म्हणाले, "अहो बाई, सकाळपासून इतके उमेदवार आले, ह्या मशीनपुढे एकाचाही शब्द ऐकू आला नाही. यादीत तुमचं नाव पहिलं. आता पुढचं गणित घ्या, पोरं थांबलीयेत."

संध्याकाळी मथुराने नाक चिमटीत धरून साहेबांची हुबेहूब नक्कल केली. कमळ हसून हसून रिकाम्या टोपलीवरच बसली.

"मंग?" ती डोळे पुसत म्हणाली. "आवाज कुणाचा?"